पण्यशुद्धि व बाजारचें अन्न

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत, द्रव्यशुद्धीच्या प्रकरणांत, कारागिराचा हात आणि विक्रीस मांडलेला माल हे नेहमीं शुद्धच समजावे अशा अर्थाचें एक वचन आहे. याज्ञवल्क्यानेंही आचाराध्यायांत तेंच सांगितलें आहे. निवृत्तीनंतर आमच्या घरीं सायंकाळीं चारदोन तरुण मंडळी स्मृतिग्रंथ वाचावयास येत असतात. हें वचन चाललें असतां त्यांतील एकानें विचारलें कीं, मांडलेला माल जर नित्य शुद्ध, तर कापून ठेवलेलीं कलिंगडें नगरपालिकेचा निरीक्षक गाडीवरून उचलून कां फेंकून देतो? त्या वेळीं आम्हीं ‘शास्त्रांतील शुद्धि वेगळी व वैद्यकांतील शुद्धि वेगळी’ असें मास्तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. तें उत्तर खोटें नाहीं; पण अपुरें आहे. या दोन शुद्धि वेगळ्या केव्हां होत्या, कोठें होत्या, आणि त्या एकाच दुकानाच्या फळीवर येऊन केव्हां भेटल्या, हें सांगितल्यावांचून तें पुरें होत नाहीं. प्रस्तुत लेखाचा तेवढाच हेतु आहे.

या विषयावर बोलणारांचे साधारणपणें दोन पक्ष आढळतात. एक म्हणतो, कौटिल्यानें भेसळीस दंड सांगितला, तेव्हां अन्नाच्या आरोग्याचा कायदा आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वींचाच आहे. दुसरा म्हणतो, सोंवळें-ओंवळें यापलीकडे आपल्या पूर्वजांस स्वच्छतेची कल्पनाच नव्हती. दोन्ही पक्षांनीं मूळ ग्रंथ एकदां उघडून पाहिले असते तर बराच कागद वांचला असता.

प्रथम मालाच्या नित्य शुद्धीचें वचन घेऊं. याज्ञवल्क्याच्या वचनावर विज्ञानेश्वराची मिताक्षरा पाहिली म्हणजे त्याचें मर्म उलगडतें. विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास होता, म्हणजे आपल्याच प्रांताच्या सीमेवरचा. त्याचा आशय असा कीं, विकावयास ठेवलेलें धान्य अनेक गिऱ्हाइकांच्या हातांनीं चिवडलें गेलें तरी तेवढ्यानें तें अशुद्ध होत नाहीं. येथें धान्य निरोगी आहे कीं किडकें, हा प्रश्नच नाहीं. प्रश्न आहे स्पर्शाचा. प्रत्येक हाताचा विटाळ धरला असता तर गंजबाजार एक दिवसही चालला नसता. म्हणून शास्त्रकारांनीं बाजारास स्पर्शदोषांतून मोकळें केलें. ही व्यवहाराची सोय होय, आणि आमच्या मतें शहाणपणाची सोय होय. आरोग्याचा दाखला म्हणून मात्र ती कोणी दाखवूं नये.

ही सोय मुख्यतः कच्च्या मालाची. शिजलेल्या अन्नाविषयीं आपस्तंबाचा धर्मसूत्रांतील निर्बंध कडक आहे: बाजारांतील तयार अन्न खाऊं नये. रसांचीही तीच गत. त्यांतून कच्चें मांस, मध आणि मीठ यांस सूट आहे. तेल आणि तूप वापरावयाचें तर पाण्याचा संस्कार करून वापरावें. आतां हा निर्बंध कोणास उद्देशून आहे तें पाहावें. तो विकणारास नाहीं, घेणारास आहे. हलवायानें कढई घासावी कीं नाहीं, माशा वाराव्या कीं नाहीं, यासंबंधीं सूत्रकार एक अक्षर बोलत नाहीं; तो गिऱ्हाइकास एवढेंच सांगतो कीं, बाबा रे, तूं तेथें जाऊं नकोस. आपल्या घरोघरीं आजोबांपासून चालत आलेला ‘बाहेरचें खाऊं नये’ हा दंडक याच परंपरेंतला आहे. त्यानें अनेकांचीं पोटें वांचविलीं असतील, पण बाजार होता तसाच राहिला.

विकणारास उद्देशून जीं वचनें आहेत तीं व्यवहारपदांत सांपडतात. मनूच्या आठव्या अध्यायांत एका वस्तूंत दुसरी मिसळून, सदोष असून, वजनांत कमी असून, किंवा झांकून ठेवून माल विकूं नये असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्य औषध, तेलतूप, मीठ, सुगंधी द्रव्य, धान्य, गूळ इत्यादींत हिणकस माल मिसळणारास सोळा पणांचा दंड सांगतो. कौटिल्य जवळजवळ त्याच यादीस बारा पण सांगतो. त्याची भाषा अधिक नेमकी आहे, कारण सारख्या रंगाचा पदार्थ मिसळण्याचा प्रकार त्यानें मुद्दाम नोंदला आहे. परंतु या याद्यांत मिठाशेजारीं अत्तर बसलेलें आहे. अत्तरांत भेसळ झाल्यानें कोणी आजारी पडत नाहीं; पैसे बुडतात. दंडामागील दृष्टि या एका शब्दानें उघड होते. राजा गिऱ्हाइकाच्या थैलीचें रक्षण करीत आहे, पोटाचें नव्हे. त्याच कौटिल्यानें वजनेंमापें दर चार महिन्यांनीं तपासून शिक्का मारून घ्यावीं असें सांगून बिनशिक्क्याच्या वजनास सव्वासत्तावीस पणांचा दंड ठेविला आहे, म्हणजे मिसळण्याच्या दुपटीहून अधिक! तराजू हाच त्या काळच्या बाजाराचा आत्मा होता.

याज्ञवल्क्यस्मृतींत एक वचन याहून फार कठोर आहे. निषिद्ध मांस विकणारास अंगच्छेद आणि वर उत्तम साहस दंड. येथें तरी आरोग्य असेल असें वाटतें. पण टीकाकार त्या शब्दाचा अर्थ कुत्र्यासारख्या प्राण्यांचें मांस असा करतो. म्हणजे दोष जातीचा, कुजण्याचा नव्हे. आमच्या वाचनांत कुजण्यास स्पष्टपणें हात घालणारा एकच अधिकारी भेटला. तो अर्थशास्त्रांतील सूनाध्यक्ष, म्हणजे खाटीकखान्यावरील अंमलदार. ताजें मारलेलें मांस विकावें. दुर्गंधी सुटलेलें आणि आपोआप मेलेल्या जनावराचें विकूं नये, असा नियम त्याच्या प्रकरणांत आहे. नागरिक नांवाच्या शहर-अंमलदाराच्या प्रकरणांत रस्त्यावर केर टाकणारास पणाचा आठवा हिस्सा आणि चिखलपाणी तुंबविणारास पाव पण दंड आहे. हीं दोन-तीन वचनें मात्र खरोखर आरोग्याचीं आहेत, आणि पहिल्या पक्षाच्या अभिमानास एवढाच आधार पुरेसा आहे. तंजावरकडील एका पंडितानें तें हस्तलिखित म्हैसूरच्या ग्रंथालयास आणून दिलें नसतें, व शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं तें छापलें नसतें, तर सूनाध्यक्षाची साक्ष आज कोणास काढतां आली असती? पोथ्या बाळगणारांनीं हें विसरूं नये.

मग दुसरी शुद्धि, म्हणजे आरोग्याची, अगदींच नव्हती काय? होती, आणि आश्चर्य वाटावें इतकी बारकाईची होती. पण ती बाजारांत नव्हती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिलाच अध्याय पाहावा. राजाचें स्वयंपाकघर चांगल्या जागीं, ऐसपैस व स्वच्छ असावें. भांडीं शुद्ध असावीं. जाळीच्या खिडक्या असाव्या. आंत विश्वासू माणसेंच असावीं. त्यांचे केस व नखें आखूड कापलेलीं असावीं, त्यांनीं स्नान केलेलें असावें, डोक्यास पागोटें असावें. आणि या सर्वांवर वैद्याची नजर असावी. आपस्तंबही घरच्या स्वयंपाकाविषयीं असेंच सांगतो: अन्नाकडे तोंड करून बोलूं नये, खोकूं नये, शिंकूं नये, केसांस, अंगास किंवा वस्त्रास हात लागला तर पाण्यास स्पर्श करावा. वैद्यकाचा आणि धर्माचा असा मेळ अन्यत्र क्वचितच दिसतो.

तेव्हां खोकल्याचे कण अन्नांत जाऊं नयेत हें आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें, असें दुसऱ्या पक्षास म्हणतां येणार नाहीं. पण राजाच्या मुदपाकखान्यांत हा बंदोबस्त विषप्रयोगाच्या भीतीनें होता आणि गृहस्थाच्या घरीं तो वैश्वदेवाच्या पावित्र्यासाठीं होता. एक राजवाड्याच्या भिंतीआड, दुसरा माजघरांत. वाटसरू, हमाल, शिपाई, ज्यांस घर नाहीं आणि राजवाडाही नाहीं, त्यांच्या पानांत काय पडतें, हा प्रश्न कोणाचाच नव्हता.

पेशवाईविषयीं येथें फार लिहिण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या कोतवालीचा बाजाराशीं संबंध भाव, वजनेंमापें, तंटे आणि दंड यांचा. घाशीराम सावळादास १७९१ सालीं लोकांच्या दगडांखालीं मेला तो नासक्या मालामुळें नव्हे. शहराच्या आरोग्याच्या दृष्टीनें त्या काळांतलें मोठें काम म्हणजे नानासाहेबांच्या कारकीर्दींत कात्रजहून आणलेलें पाणी. त्यानें हौदाहौदावर जें केलें तें दंडाच्या शंभर हुकुमांनीं झालें नसतें. हा मुद्दा पुढें पुन्हा येणार आहे.

खरा पालट कायद्याच्या एका शब्दानें झाला. १८६० सालच्या हिंदी दंडसंहितेंत अन्नाविषयीं दोन कलमें आहेत. पहिलें भेसळीचें, पण साध्या भेसळीचें नव्हे. ज्या भेसळीनें अन्न अपायकारक होईल तिचें. दुसरें त्याहून महत्त्वाचें: जें अन्न अपायकारक झालें आहे किंवा खाण्यास अयोग्य अवस्थेस पोहोंचलें आहे तें जाणूनबुजून विकणारा, त्यानें त्यांत कांहीं मिसळलेलें नसलें तरी, गुन्हेगार. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सूनाध्यक्षानें मांसापुरतें जें सांगितलें होतें तें येथें प्रत्येक खाद्यपेयास लागू झालें. थैलीच्या रक्षणाबरोबर पोटाचें रक्षण आलें. २०२४ सालीं भारतीय न्याय संहिता अंमलांत आली, तींतही हीं दोन कलमें आपला आशय घेऊन उतरलीं आहेत.

कलम झालें म्हणून बाजार सुधारत नाहीं. ती कथा मुंबईची आहे. १८६५ च्या कायद्यानें मुंबईस एक कर्ता म्युनिसिपल कमिशनर मिळाला. आर्थर क्रॉफर्ड हा पहिला. त्याच्या जोडीस आरोग्याधिकारी डॉ. हेवलेट. कापसाच्या भरभराटीनें माणसांनीं फुगलेलें शहर, वस्तींत चाललेले खाटीकखाने, उघड्या गटारांच्या कांठीं मांडलेली भाजी, आणि वर्षावर्षास पटकी. या दोघांच्या अमदानींत जी रीत पडली ती आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. जनावरें मारण्याचा खाटीकखाना शहरांतून काढून वांद्र्यास नेला. १८६९ सालीं मोठी मंडई उभी राहिली: उंच छत, वारा खेळण्यासारखी रचना, बसावयास ठरलेले गाळे, पायाखालीं फरसबंदी. पदपथाच्या फरशा स्कॉटलंडांतील केथनेस येथून आणलेल्या. त्या दिवसभर थंड राहतात अशी त्यांची कीर्ति होती. सह्याद्रीच्या काळ्या दगडांच्या पायथ्याशीं राहून दगड विलायतेहून आणण्याची हौस काय म्हणावी! पण मंडईमागील विचार बिनतोड होता. विकणारास ‘स्वच्छ राहा’ म्हणून धमकावण्यापेक्षां, स्वच्छ राहतां येईल अशी जागा त्यास देणें, हा तो विचार.

क्रॉफर्डच्या हातास मोजदाद नव्हती. करदात्यांनीं १८७१ सालीं ओरड केली, त्याचा अधिकार गेला, आणि १८७२ च्या कायद्यानें नगरपालिकेचें रूप पालटलें. पुढें १८८८ सालीं याच गृहस्थाचें जें प्रकरण पुण्यापर्यंत गाजलें तें वाचकांस ठाऊकच आहे. बाजार निर्मळ करणारा माणूस स्वतः निर्मळ असलाच पाहिजे असा इतिहासाचा नियम नाहीं.

या पिढीच्या अधिकाऱ्यांचें हत्यार कोणतें होतें? नाक. रोग दुर्गंधींतून, कुजक्या वाफेंतून पसरतो अशी त्यांच्यापैकीं बहुतेकांची समजूत होती. दूषित पाण्यानें पटकी पसरते हें डॉ. स्नो यानें १८५४ सालीं लंडनांत दाखविलें होतें तरी तें मत सर्वमान्य झालें नव्हतें. म्हणजे १८६५ चा आरोग्याधिकारी आणि कौटिल्याचा सूनाध्यक्ष यांच्या परीक्षेचें साधन एकच. हें लक्षांत आल्यावर आम्हांस थोडी गंमत वाटली. त्या नाकानेंही पुष्कळ भलें केलें, कारण जेथें घाण असते तेथें बहुधा जंतूही असतात. पण १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्यांतील एका तलावाच्या पाण्यांत पटकीचे जंतु दाखविले आणि नाकाचें राज्य संपलें. स्वच्छ दिसणारें, वास नसलेलें, थंडगार पाणीही मारक असूं शकतें असें ठरलें. न दिसणारा दोष स्पर्शानें पसरतो ही कल्पना आपल्या लोकांस नवी नव्हती. नवें होतें तें एवढेंच कीं, हा दोष जात पाहून चिकटत नाहीं.

नेमकी हीच गोष्ट पचावयास जड गेली. १८९० सालचें पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाचें प्रकरण घ्या. रानडे, टिळक आदि मंडळींनीं तेथें चहा घेतला, त्यावरून ग्रामण्य माजलें, प्रायश्चित्तें झालीं. वाद हात कोणाचा यावर पेटला. पाणी कोठलें आणि उकळलें किती, यावर नव्हे. पुढें शहरांतून खाणावळी व उपाहारगृहें निघालीं तेव्हां त्यांच्या पाटीवर स्वयंपाक करणाऱ्याची जात लिहीत. गिऱ्हाइकाची खात्री पटावयास तेवढें पुरे होई. मोरीजवळ खरकटें किती दिवसांचें आहे हें पाटी सांगत नसे.

पुण्याची मंडई शनिवारवाड्यापुढच्या उघड्या पटांगणांत भरत असे. ती शुक्रवार पेठेंत नव्या इमारतींत नेण्याचा बेत झाला तेव्हां विरोध झाला, आणि विरोध करणारांत जोतीराव फुले होते. नगरपालिकेचे सभासद असतां, इमारतीवर घालावयाचा पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. १८८६ सालीं गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें मंडई उघडली. पुढें पुण्याच्या त्या मंडईस, आणि मुंबईच्या क्रॉफर्डच्या मंडईसही, फुल्यांचेंच नांव दिलें गेलें! छप्पर आणि फरशी हवीच, असें आम्ही वर म्हटलें. पण छपराचा खर्च कोणाच्या डोक्यावर, हा जोतीरावांचा प्रश्नही त्या अष्टकोनी मनोऱ्याइतकाच अद्याप उभा आहे.

दोन्ही शुद्धि एका फळीवर कशा भेटल्या याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राबाहेर, कलकत्त्यांत, १९१७ सालीं घडलें. तेथील तुपांत चरबीची भेसळ होते असा बोभाटा झाला. तुपाचे व्यापारी बहुतेक मारवाडी, आणि ओरड करण्यांत मारवाडी समाजच पुढें. तूप हें खाण्याचें तसेंच होमाचें. शरीरास अपाय, पैशाची फसवणूक आणि धर्माचा भ्रंश हे तिन्ही दोष एका डब्यांत! व्यापाऱ्यांच्याच संस्थेनें नमुने रसायनशाळेंत तपासून घेतले. जातीच्या पंचायतीनें दोषी व्यापाऱ्यांस दंड केले, बहिष्कार घातले. हजारों ब्राह्मण प्रायश्चित्तासाठीं हुगळीच्या तीरावर जमले. आणि सरकारनें त्याच वर्षीं घाईनें कलकत्ता म्युनिसिपालिटीच्या कायद्यांत दुरुस्ती केली. १९१९ सालीं बंगालचा अन्नभेसळीचा स्वतंत्र कायदा झाला. मुंबई इलाख्याचा १९२५ सालीं. स्मृतींनीं जें तीन प्रकरणांत वाटून ठेविलें होतें तें येथें एकत्र आलें, आणि निर्णय देणारी काचेची नळी होती. पंचायतीनें आधीं रसायनशास्त्र्याचा दाखला मागितला व मग प्रायश्चित्त सांगितलें, हा क्रम आमच्या मतें त्या साऱ्या प्रकरणांतील सर्वांत नवी गोष्ट होय.

तुपाची कथा एवढ्यावर थांबत नाहीं. पुढें वनस्पति तूप आलें आणि खऱ्या तुपांत तें ओळखूं येईना. तेव्हां सरकारनें उलट युक्ति केली. वनस्पति तूप करणारानें त्यांत शेंकडा पांचहून कमी नाहीं इतकें तिळाचें तेल घातलेंच पाहिजे असा नियम केला. तिळाचें तेल लवणाम्ल आणि फरफ्युरल यांच्या योगानें तांबडें होतें. म्हणून खऱ्या तुपाचा नमुना तांबडा झाला कीं चोरी उघड. सारख्या रंगाचा पदार्थ मिसळणारास बारा पण ठेवणाऱ्या कौटिल्यास ही युक्ति मनापासून आवडली असती.

स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं सर्व देशास एक कायदा झाला. त्याच्या नांवांतच भेसळ होती, म्हणजे भर पुन्हा मिसळण्यावर. २००६ सालच्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानें, जो २०११ सालीं अंमलांत आला, ही भर बदलली. त्याखालील नियमांच्या चौथ्या परिशिष्टांत लहान दुकानदार व फेरीवाले यांनीं काय पाळावें तें सांगितलें आहे: नखें कापलेलीं, डोकें झांकलेलें, हात धुतलेले, पाणी पिण्यायोग्य, केराचें भांडें झांकणाचें, गाडी गटारापासून दूर. हें परिशिष्ट वाचतां वाचतां आम्हीं सुश्रुतसंहिता काढून शेजारीं ठेविली. आखूड नखें, पागोटें, स्वच्छ भांडीं. कलमें जवळजवळ जुळतात. राजाच्या मुदपाकखान्यांतील पागोटें वडे तळणाऱ्याच्या डोक्यावर आलें. हमालाच्या पानास राजाच्या पानाचा मान मिळाला, निदान कागदावर.

कागदावर म्हणण्याचें कारण आहे. आमच्या घराजवळच्या चौकांत भेळ विकणारा एक गृहस्थ आहे. त्याची नोंदणी आहे, टोपी आहे, शिकवणीच्या वर्गासही तो जाऊन आला. वर्गांत त्यास हात धुवावयास सांगितलें. त्या चौकांत नळ नाहीं. तो दोन घागरी पाणी सकाळीं घरून आणतो व रात्रीपर्यंत पुरवितो. दुसऱ्या घागरीच्या तळाशीं आल्यावर त्याचे हात धुतले जातात कीं नुसते ओले होतात, हें आम्हीं त्यास विचारलें नाहीं. निरीक्षकानें एकदां त्याची चटणी ओतून दिली. त्याऐवजीं कोणी तेथें तोटी बसविली असती तर कात्रजच्या नळाची परंपरा चालली असती. त्या तरुण विद्यार्थ्यास आतां आम्ही असें सांगतों: कलिंगडें फेंकणें शास्त्रविरुद्ध नाहीं, कारण मनूचें वचन हाताविषयीं आहे, माशीविषयीं नाहीं, पण फेंकणाऱ्यानें आधीं सावली आणि पाणी दिलें होतें काय, हें पाहावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. कोतवालीचे व पेठांचे जे जमाखर्च खासगी दप्तरांत आहेत त्यांतील दंडाच्या रकमा सहसा कोणी वाचीत नाहीं. त्या किरकोळ असतात. त्यांत खोट्या वजनाबद्दलचे दंड पुष्कळ निघतील. त्यांशेजारीं नासका, किडका, आंबलेला, शिळा अशा शब्दांनीं नोंदलेला एखादा दंड, किंवा हलवाई, तेली, खाटीक, गवळी यांच्याकडून लिहून घेतलेला एखादा जामीनकतबा असल्यास त्याची नक्कल, पेठ व तारखेसह, मंडळाकडे धाडावी. मूळ कागद धाडूं नये. तेलाचे डाग पडलेले कागद साफ करण्याच्या भरीसही पडूं नये, कारण दुकानांतल्या कागदावर तो डागही पुराव्यापैकींच असतो.